येत्या दहा वर्षांत

सदर इसम हा विश्वाची उत्पत्ती, मानवी मेंदूचे कार्य व मानवजातीचे भविष्य या तीन विषयांवर जनतेशी बोलण्यास अधिकृत असलेला आवाज आहे. वय पन्नाशीपुढे. उंची मध्यम. आवाज खर्जातला, संथ, शंकेस वाव न देणारा. विशेष खूण : 'अब्जावधी' हा शब्द उच्चारताना डावी भुवई आपोआप वर जाते. शैक्षणिक पात्रता : वाणिज्य शाखा, दुसऱ्या प्रयत्नात. शास्त्र विषयाचा अनुभव : शाळेत बेडूक कापायला घेतलेला पाहून वर्गाबाहेर गेला, तो तास संपेपर्यंत परतला नाही. तारे, मेंदू अथवा उद्या यांबाबत कोणास काही शंका असल्यास तिचे निरसन सदर इसमाच्या आवाजात केले जाईल. शंका घेऊन सदर इसमाकडे मात्र येऊ नये.

हे शेवटचं कलम कुणी वाचत नसे, आणि तेच त्याच्या आयुष्याचं दुखणं होतं.

स्टुडिओत त्याला ब्रह्मांड म्हणत. हे नाव रेकॉर्डिस्टने ठेवलं आणि ते इतकं चिकटलं की पगाराच्या पाकिटावरही एकदा तेच आलं. शास्त्रावरचे परदेशी माहितीपट भाषांतर होऊन यायचे आणि ब्रह्मांड ते वाचायचा. वाचायचा, एवढंच. खोली कपाटापेक्षा थोडी मोठी, भिंतींना गाद्या लावलेल्या, दार जाड. आत जाताना मनगटावरचं घड्याळ काढून ठेवायचं, कारण माइकला टिकटिक ऐकू येते. उपाशीपोटी जायचं नाही, कारण माइकला पोटही ऐकू येतं. कागद टाचलेले चालत नाहीत. एकेक सुटा, आवाज न करता बाजूला सरकवायचा. समोर हिरवा दिवा लागला की बोलायचं, विझला की थांबायचं. चित्रं फक्त काचेपलीकडे रेकॉर्डिस्टला दिसत. ब्रह्मांडाच्या बाजूला पडदाच नव्हता. तारे फुटत, मेंदूत विजा चमकत, यंत्रमानव समुद्राच्या तळाशी चालत, आणि त्या सगळ्याकडे पाठ केल्यासारखा हा माणूस गादी लावलेल्या भिंतीशी बोलत बसे.

पण लोकांना हे कसं पटावं? दात काढायला गेला तर दातांच्या डॉक्टरने भूल चढेपर्यंत विचारून घेतलं की कृष्णविवरात पडलं तर माणसाचं नेमकं काय होतं. तोंडात कापूस असल्यामुळे ब्रह्मांड तेवढा वाचला. लिफ्टमध्ये शेजारच्या बाई विचारत की मन मेंदूत असतं की सगळ्या शरीरात, आणि त्यांचा मजला येईपर्यंत उत्तराची वाट बघत. सूर्य विझणार ही बातमी एका गृहस्थांनी अशा तक्रारीच्या सुरात काढली की जणू विझवण्याचा ठराव ब्रह्मांडाने मांडला होता. "बराच वेळ आहे अजून," असं तो म्हणे. ही एक ओळ मात्र त्याची स्वतःची होती.

या सगळ्यांना पुरून उरेल असा श्रोता म्हणजे त्याचा सख्खा थोरला भाऊ.

दादा शिंपी होता. रस्त्यालगत दुकान, वर राहायची जागा. वडील लवकर गेल्यावर दादाने धाकट्याला याच दुकानातून शिकवलं, आणि पहिल्या मुलाखतीचा शर्टही इथेच शिवला. त्यामुळे दादावर आवाज चढवायची सोय नव्हती. ब्रह्मांडाला सगळ्या विश्वावर आवाज चढवता येई, दादावर नाही.

दुकानात भिंतीवर टीव्ही होता आणि त्यावर दिवसभर माहितीपट लागलेले असत. मशीनची धडधड आणि धाकट्याचा खर्ज, असं दादाचं काम चाले. बघायला मान वर करावी लागते, म्हणून दादा फक्त ऐके. ऐकलेलं सगळं त्याला पाठ होतं. गिऱ्हाइकाच्या कमरेचं माप घेता घेता तो त्याला विश्व प्रसरण पावत असल्याचं सांगे, आणि गिऱ्हाईक उगाच ओशाळं होई.

मग दादाच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. एका डोळ्यात पिकला, दुसऱ्यात पिकू लागला. वहिनीच्या हे आधी लक्षात आलं, कारण सुईत दोरा ओवायचं काम तिच्याकडे आलं. सकाळी उठून ती वेगवेगळ्या रंगांच्या सुया ओवून उशीला टोचून ठेवी, काळा डावीकडे, पांढरा उजवीकडे, मधले रंग ठरलेल्या क्रमाने. एकदा केर काढताना ती उशी फिरली. त्या दिवशी बँकेच्या साहेबांचा गडद निळा कोट मरून रंगाच्या दोऱ्याने शिवून तयार झाला, शिवाय आतला खिसा तोंडाशीच शिवलेला. साहेब सभ्य होते. त्यांनी कोट घेतला आणि पुन्हा कधी आले नाहीत.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. फार पिकू दिला तर डोळ्यातला दाब वाढेल, आतली नस मरेल, आणि मग जे जाईल ते कुठल्याही शस्त्रक्रियेने परत येणार नाही. आता केलं तर घटकाभराचं काम. दादाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि घरी येऊन मशीनवर बसला. तारीख घ्यायचं नाव काढलं की तो म्हणे, घाई कसली आहे?

शेवटी वहिनीने ब्रह्मांडाला फोन केला. ती एरवी मोजकं बोले, आणि मोजलेलं नेमकं लागेल असं बोले. "भावजी," ती म्हणाली, "तुमच्या आवाजाने माझ्या नवऱ्याला आंधळं करायला घेतलंय. आता तुम्हीच निस्तरा."

ब्रह्मांड दुपारीच दुकानात गेला. दादा चाचपत काज करत होता आणि टीव्हीवर मानवजातीचं भविष्य चालू होतं. ब्रह्मांडाने डोळ्यांचा विषय काढला. दादाने बोटानेच वर टीव्हीकडे खूण केली, थांब म्हणून, आणि बरोबर त्याच क्षणी वरून खर्जातला आवाज म्हणाला की येत्या दहा वर्षांत प्रयोगशाळेत वाढवलेला संपूर्ण डोळा माणसाला बसवता येईल.

"ऐकलंस?" दादा म्हणाला. "आता भिंग बदलायचं, मग परत डोळा बदलायचा. एकाच कापडाला दोनदा कात्री कशाला लावायची?"

"दादा, तो मी आहे."

"तू वाचतोस. सांगणारे शास्त्रज्ञ आहेत."

आयुष्यभर ब्रह्मांड लोकांना हेच पटवत आला होता की मी फक्त वाचतो, मला काही कळत नाही. ज्याला ते पटलं असा जगात एकच माणूस निघाला आणि तो हा होता.

तरी त्याने नेट धरला. हा माहितीपट जुना आहे, तो म्हणाला. मी हा वाचला तेव्हा माझ्या मुलीचे पुढचे दात पडलेले होते, आता ती नोकरीला लागली आहे. चॅनेलवाले तेच तेच परत दाखवतात. ती दहा वर्षं कधीच होऊन गेली, दादा. कुठाय डोळा?

दादाने थोडा विचार केला. "म्हणजे फार थांबायला लागणार नाही," तो म्हणाला. "आलंच असेल जवळ."

ब्रह्मांड बाहेर आला तेव्हा वहिनी जिन्यात उभी होती. काय झालं हे तिने विचारलं नाही. त्याचा चेहरा बघून एवढंच म्हणाली, "पालथ्या घड्यावर पाणी ना? मी रोज ओतते."

पुढचे काही दिवस ब्रह्मांडाने जमेल ते केलं. मोतीबिंदू काढून घेतलेल्या एका म्हाताऱ्या सुताराला दुकानात घेऊन गेला. सुताराने डोळ्याची इतकी तारीफ केली की दादाने त्याला विचारलं, डॉक्टरीणबाई तुमच्या कोण लागतात? डॉक्टरीणबाईंनी दिलेला कागद वाचून दाखवला, तर दादा म्हणाला, वाचतोस छानच, ते माहीत आहे. सारखं तेच ऐकून ब्रह्मांडाच्या डोक्याची मंडई झाली. घरी बायकोने साधं विचारलं की उद्या पाणी किती वाजता येणार, तर तो खेकसला की मला भविष्यातलं काही विचारू नकोस.

अखेर तो रेकॉर्डिस्टकडे गेला. रेकॉर्डिस्ट हा शेंगदाणे खात जगाकडे काचेतून बघणारा, कशाचंच नवल न वाटणारा गृहस्थ होता. ब्रह्मांडाने मागणी केली की डोळ्यांच्या त्या माहितीपटातलं 'येत्या दहा वर्षांत' काढून टाका. त्याजागी काहीही घाला. 'पुढेमागे' घाला, 'जमलं तर' घाला.

"एकातून काढून काय होणार?" रेकॉर्डिस्ट म्हणाला. "सगळ्यांतच आहे."

"सगळ्यांत म्हणजे?"

मग रेकॉर्डिस्टने थोड्याशा अभिमानाने आपलं भांडार उघडून दाखवलं. चांगले आलेले तुकडे तो जपून ठेवत असे. 'आणि म्हणूनच शास्त्रज्ञांना वाटतं' हा एक होता. 'कोट्यवधी वर्षांपूर्वी' असे दोन होते, एक उदास आणि एक साधा. आणि 'येत्या दहा वर्षांत' हा एकच होता. फार वर्षांपूर्वी एकदा तो असा काही आला होता, रेकॉर्डिस्ट म्हणाला, की ऐकणाऱ्याने सामान बांधून दारात उभं राहावं. त्यानंतर ब्रह्मांड तेच शब्द जेव्हा म्हणायचा तेव्हा ते म्हणणाऱ्यालाच पटत नाहीत असं वाटायचं. म्हणून दर वेळी नवा काढून रेकॉर्डिस्ट तो जुनाच तुकडा चिकटवत असे. मंगळावरची वस्ती, विचार वाचणारं यंत्र, म्हातारपणावरचं औषध, नवा डोळा, सगळ्यांना एकच.

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू कधी ऐकतोस का आपलं?"

ते खरं होतं. ब्रह्मांडाने कान लावून ऐकलं. तुकड्यातला 'दहा' किंचित नाकात होता. पडसं. आणि एकदम त्याला तो दिवस आठवला. नाक चोंदलेलं, डोकं जड, काम रद्द करायची सोय नाही. दादा दुकान बंद ठेवून गरम पाण्याचा थर्मास घेऊन आला होता आणि दिवसभर काचेपलीकडे रेकॉर्डिस्टच्या शेजारी बसला होता. म्हणजे मानवजातीचं सगळं भविष्य एका पडशाच्या दिवशी एकदाच होऊन गेलं होतं, आणि पुढे ते नुसतं डकवलं जात होतं.

ब्रह्मांडाने ते सगळे माहितीपट मोबाईलमध्ये भरून घेतले. आता त्याच्या हातात पुरावा होता. दुकानात जाऊन त्याने आधी टीव्ही बंद केला, मग एकेक तुकडा लावला. येत्या दहा वर्षांत मंगळावर. येत्या दहा वर्षांत मेंदूतल्या आठवणी. येत्या दहा वर्षांत संपूर्ण डोळा. तीच लय, तोच श्वास, तोच चोंदलेला 'दहा'. मशीन थांबलं. वहिनी पायरीवर येऊन उभी राहिली.

"बघ," ब्रह्मांड म्हणाला. "एकाच थानातलं ठिगळ आहे. सगळीकडे लावलंय. यात शास्त्रज्ञ कुठे आले?"

"माहीत आहे मला," दादा म्हणाला.

"काय माहीत आहे?" ब्रह्मांडाने मोबाईल खाली ठेवला.

"पडसं झालं होतं तुला. थर्मास मीच नव्हता का आणला? दुसऱ्या खेपेला ऐकलं तेव्हाच कळलं, हा तोच तुकडा. मला शिवण कळत नाही होय?"

इतके दिवस ज्याला पटवता पटवता घसा बसला, त्याला सगळं आधीपासून ठाऊक होतं. म्हाताऱ्या सुताराची खेप फुकट, डॉक्टरीणबाईंचा कागद फुकट. ब्रह्मांडाचा आवाज त्या दिवशी दादावर पहिल्यांदा चढला. मग हे काय चालवलं होतंस, त्याने विचारलं. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवत होतास?

दादाने मांडीवरचं कापड नीट घडी करून बाजूला ठेवलं. उशी चाचपली. एक सुई काढून बोटांत धरली.

"ही मी जन्मभर घातली," तो म्हणाला. "कशी आत जाते ते मला माहीत आहे. त्या बाई म्हणतात जागं राहायचं, हलायचं नाही, डोळा उघडा ठेवायचा. मला जमणार नाही रे. तू म्हणायचास दहा वर्षं आहेत. खोटं आहे ते कळत होतं. पण तू म्हणायचास."

मग वहिनी म्हणाली की भीती वाटते एवढं एक वाक्य बोलायला मंगळापर्यंत जायची काय गरज होती, आणि तिने तिथूनच दवाखान्यात फोन लावून तारीख घेतली.

दादाची एकच अट होती. धाकट्याने आत यायचं आणि बोलत राहायचं. डॉक्टरीणबाईंना हे मुळीच मान्य नव्हतं. माझं शस्त्रक्रियेचं दालन म्हणजे नाट्यगृह नाही, त्या म्हणाल्या. पण तपासताना दादाचं अंग असं थरथरलं की त्यांनी हात मागे घेतला आणि सांगितलं की बरं, या, पायाशी बसा, कशाला हात लावू नका, आणि पेशंटने उत्तर द्यायचं नाही.

ब्रह्मांडाला हिरवा अंगरखा घातला, टोपी घातली, आणि एका स्टुलावर बसवलं. त्याने स्टूल फिरवून तोंड भिंतीकडे केलं. बेडकाचा तास तो विसरला नव्हता. शिवाय भिंतीशी बोलायची त्याला सवय होती. समोर भिंतीलगतच्या एका यंत्रावरचा हिरवा दिवा लागला तसा तो आपोआप सुरू झाला.

सुरुवातीला काहीच नव्हतं, तो म्हणाला. काळ नव्हता, अवकाश नव्हतं. मागे काहीतरी बारीक गुणगुणू लागलं. दादाचा श्वास ऐकू येत होता, आधी तुटक, मग जरा लांब. ब्रह्मांडाने वायूचे ढग जमवले, तारे पेटवले, ग्रह गरगर फिरवले, आणि चार अब्ज वर्षांपूर्वी पृथ्वी जन्माला घातली.

"साडेचार," दादा म्हणाला.

"मान हलवू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"तोंडच हलवलं."

"तेही नको. आणि तुम्ही आकडे नीट सांगा हो. माझ्या हातात त्यांचा डोळा आहे."

ब्रह्मांडाने माफी मागून पृथ्वीला अर्धा अब्ज वर्षं वाढवून दिली. समुद्र झाले, जीव झाले, मेंदू झाला. मेंदूनंतर काय येतं हे त्याच्या जिभेला त्याच्याआधी ठाऊक होतं. ती सवयीने घसरली. "येत्या दहा वर्षांत," तो म्हणाला आणि थबकला. मागे टेबलावर कोणीतरी श्वास रोखल्याचं त्याला ऐकू आलं.

"मला दहा मिनिटं पुरेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "भविष्य सोडून काय ते बोला."

भविष्य सोडलं तर ब्रह्मांडाजवळचा मजकूर संपला होता. समोर कागद नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच दिवा हिरवा होता आणि वाचायला काही नव्हतं. मग त्याने सुचेल ते सांगायला सुरुवात केली. पहिल्या मुलाखतीचा शर्ट दादाने वाढत्या अंगाचा म्हणून इतका मोठा शिवला होता की साहेबांनी विचारलं, सोबत आणखी कोणी आलंय का. मरून दोऱ्याचा निळा कोट सांगितला. खिसा शिवून टाकल्यामुळे बँकेचे साहेब कोटात हात घालायला जात आणि सभेत सगळ्यांसमोर स्वतःच्याच छातीवर थापा मारत, असं त्याने मनचं जोडलं. आवाज खर्जातून निसटून कधीच घरच्या पट्टीत आला होता, जरा चिरका, जरा घाईचा. रेकॉर्डिस्ट असता तर त्याने दिवा विझवला असता.

"हसवू नका त्यांना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण फार रागाने नाही. आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "झालं. भिंग बसलं. वळा आता, बघायचं असेल तर."

ब्रह्मांड वळला नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. दादा दुकानात आला, दारातच थांबला आणि टांगलेले तयार कपडे एकेक करून उन्हात धरून बघू लागला. मग त्याने वहिनीला विचारलं की या विजारीचे दोन पाय दोन रंगांचे आहेत हे मला कोणी सांगितलं का नाही. वहिनी म्हणाली की सांगितलं होतं, तेव्हा आकाशगंगा चालू होती.

त्यानंतर त्याने टीव्ही लावला. एक तेजोमेघ पडद्यावर हळूहळू उलगडत होता, जांभळा, कडेला सोनेरी, मध्ये काळ्या धाग्यांसारखा. दादा स्टूल ओढून समोर बसला. इतकी वर्षं त्याने हा तेजोमेघ ऐकला होता. आता काम तसंच टाकून तो शाळेतल्या मुलासारखा मान वर करून बघत राहिला. ब्रह्मांड मागे उभा होता. आवाजाबद्दल दादा काहीतरी म्हणेल असं त्याला वाटत होतं. निदान ओळखीचं, निदान पडशाबद्दल.

दादाने रिमोट मागितला.

सदर इसमाच्या नोंदीत त्यामुळे एक दुरुस्ती करणे भाग आहे. विश्वाची उत्पत्ती, मेंदूचे कार्य व मानवजातीचे भविष्य यांवरील माहितीपट दादाच्या दुकानात हल्ली दिवसभर चालू असतात. आवाज बंद असतो.